खिडकीतला राउटर

कुवेतमधल्या भाड्याच्या फ्लॅटात राउटर शोधायचा असेल तर आधी हॉलच्या खिडकीचा पडदा बाजूला करायचा. बहुतेक वेळा तो तिथेच असतो. उभा, पांढरा, जाळीत धूळ भरलेला आणि हात लावला तर चांगलाच तापलेला. आपल्याकडे केबलवाल्याचा पोरगा जिन्यातून फायबर आणून टीव्हीच्या वर डबा ठोकून जातो, तसं इथे जुन्या इमारतींत फारसं होत नाही. तिथे टेलिफोनची तांब्याची तार असते, तीही सगळीकडे धड नसते. २०१९ च्या उन्हाळ्यात झैन, ऊरेडू आणि तेव्हाची व्हिवा (आता एसटीसी) या तिन्ही मोबाइल कंपन्यांनी ५जी सुरू केलं आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेक घरांत सिमकार्ड घातलेला राउटर हेच इंटरनेट झालं. सिम म्हटलं की टॉवर आला. टॉवर रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर, म्हणून राउटर खिडकीत.

भानगड इथूनच सुरू होते. राउटरला टॉवर हवा म्हणून तो घराच्या एका टोकाला बसतो, आणि माणसं झोपतात, अभ्यास करतात, गावी आईला व्हिडिओ कॉल लावतात ती दुसऱ्या टोकाला. मधे लांब पॅसेज, त्याच्या दोन्ही बाजूंना न्हाणीघरं, स्वयंपाकघर, काँक्रीटचे खांब. पुण्यात राउटर घराच्या मधोमध हलवून टाक असं सांगता येतं. इथे मधोमध नेला की टॉवर सुटतो.

मी इथे एका कंत्राटी कंपनीत नेटवर्क टेक्निशियन आहे. कार्यालयांत आणि गोदामांत केबल ओढणे, रॅक भरणे, कॅमेरे लावणे, हे रोजचं. जून ते ऑगस्ट दुपारी अकरा ते चार उघड्यावर काम करायला सरकारी बंदी असते, म्हणून गच्चीवरची कामं तेव्हा उजाडताच उरकायची. शुक्रवारी सुट्टी, आणि त्याच दिवशी ओळखीच्यांचे फोन. सालमिया, मंगफ, फहाहील, अबू हलिफा. सगळीकडे एकच तक्रार: ‘अरे, हॉलमध्ये उडतंय, बेडरूममध्ये मरतंय.’ पैसे घेत नाही. व्हिसा एका कंपनीचा असताना वेगळी परवानगी न काढता बाहेर पैसे घेऊन काम करणं कायद्यात बसत नाही, आणि तसंही सोलकढीसह जेवण मिळतं, तो भाव परवडतो.

इतक्या घरांत फिरून माझं एक मत पक्कं झालंय, ते लोकांना आवडत नाही. बेडरूममध्ये चांगलं वायरलेस हवं असेल तर बेडरूमपर्यंत वायर न्यायला लागते. लोक मला बोलावतात ते वायर टाळण्यासाठी. मी जातो तो बॅगेत वायरीचं भेंडोळं घेऊन.

वायर टाळायचा लोकप्रिय उपाय म्हणजे रिपीटर. प्लगमध्ये खोचायचा, बटण दाबायचं, फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा भरतात, घरातले खूश. पण त्या रेघा फोन आणि रिपीटर यांच्यामधल्या असतात. रिपीटरला स्वतःला हॉलमधून काय ऐकू येतंय, ते फोनवर दिसत नाही. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. आणि तो जर जिथे रेंज मेली आहे तिथेच लावला, जसा सगळेच लावतात, तर मेलेलीच रेंज पुढे पाठवतो. महागातले मेशचे तीन डबे घेतले तरी भिंती त्याच. मेश वाईट नाही, पण त्यांनाही आपापसात वायरीने जोडलं की मगच पैसे वसूल होतात. हे ऐकल्यावर यजमानांचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

भिंतींबद्दल थोडं सांगायला हवं, कारण खरा गुन्हेगार तिथे आहे. इथल्या इमारतींना बाहेरून वाळू आणि चुन्याच्या पांढऱ्या विटा, आत सिमेंटचे ब्लॉक, आणि खांब-तुळयांत सळईचं जंगल. न्हाणीघराला चारी बाजूंनी टाइल्स, आत पाण्याचे पाइप, आणि वर फॉल्स सीलिंगमध्ये एसीचं धूड नि पत्र्याचे डक्ट. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर यातून रडतखडत पोचते, ५ गिगाहर्ट्‌झची पॅसेजच्या वळणावरच दम टाकते. खिडकीच्या काचेचंही तेच. ऊन परतवायला तिच्यावर धातूचा पातळ लेप असतो, तो टॉवरच्या लहरीही परतवतो. म्हणून कधीकधी राउटर खिडकीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकवला तरी आकडा दुप्पट होतो. तिथे बोटभर जागेसाठीही मी भांडतो.

आणि ऊन. २१ जुलै २०१६ ला इथल्या वाळवंटातल्या मित्रिबा केंद्रावर ५३.९ अंश नोंदले गेले, आणि जागतिक हवामान संघटनेने ती नोंद पुढे मान्यही केली. घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेला असतो. एसी चालू असताना खोलीत चोवीस अंश असतील, पण काच आणि पडदा यांच्यामधल्या बोळकांडीत ते नसतात. दुपारी तीन वाजता इंटरनेट ‘आपोआप’ बंद पडतं आणि रात्री ‘आपोआप’ बरं होतं, अशी तक्रार आली की मी फोनवरच सांगतो, पडदा राउटरच्या मागे घ्या, पुढे नको. सुट्टीत कुटुंब गावी जातं, एसी बंद करून, आणि कॅमेऱ्यासाठी राउटर मात्र चालू ठेवून. तो परत येईपर्यंत टिकला तर त्याचं नशीब.

तर बेडरूमपर्यंत नेलेल्या वायरीच्या टोकाला लागतो दुसरा राउटर. तो बहुधा विकत घ्यावा लागत नाही. आखातातल्या आपल्या माणसांची एक सवय आहे: कुठल्याही वस्तूचं खोकं फेकायचं नाही. कपाटाच्या वर छतापर्यंत खोकी रचलेली असतात. मिक्सरचं, इस्त्रीचं, टीव्हीचं, कारण जाताना सगळं परत पॅक करून न्यायचंय. त्या डोंगरात जुन्या टेलिफोन लाइनच्या काळातला एखादा राउटर निघतोच, खोक्यासकट, माहितीपत्रकासकट. त्याच्या पाठीमागे चार पोर्ट असले की माझं काम झालं.

त्याला फक्त वायफायचा डबा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, बनवायचं. अलीकडच्या राउटरांत त्यासाठी एक पर्यायच असतो, निवडला की संपलं. जुन्यात हाताने करावं लागतं. मागच्या भोकात टाचणी घालून दहाएक सेकंद दाबून ठेवायचं, म्हणजे तो आधीचं सगळं विसरतो. मग लॅपटॉप वायरीने फक्त त्यालाच जोडायचा आणि त्याचं पान उघडायचं. टीपी-लिंक किंवा डी-लिंक असेल तर बहुतेक १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. खिडकीतला सिमवाला राउटर हुआवेचा असला तर त्याचा पत्ता १९२.१६८.८.१ असतो. म्हणून जुन्याला द्यायचा १९२.१६८.८.२. त्याच गल्लीतला, पण वेगळ्या दाराचा, आणि मोठा राउटर फोनांना जे आकडे वाटतो त्या यादीच्या बाहेरचा. हा पत्ता मी मार्करने डब्याच्या पोटावर लिहून ठेवतो. दोन वर्षांनी पासवर्ड बदलायला कोणी बसलं की त्याला पहिली गरज याचीच लागते.

त्यानंतर डीएचसीपी बंद करायचं. सगळ्या कामातली कळीची जागा ही. घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला एक आकडी पत्ता लागतो आणि तो राउटर वाटतो. दोघेही वाटायला बसले तर एकाच एसटीचं आरक्षण दोन खिडक्यांवरून, दोन वेगळ्या तक्त्यांवर व्हावं तसं होतं: एकाच सीटवर दोन माणसं. वर जुना राउटर फोनला सांगतो की बाहेरचा रस्ता माझ्यातून आहे, आणि त्याच्यातून तर रस्ताच नाही. मग घरात भुताटकी सुरू होते. बाबांचा फोन चालतो, आईचा चालत नाही. सकाळी चालतो, दुपारी नाही. वायफाय जोडलेलं दिसतं, पण पान उघडत नाही. अशा घरी कोणीतरी हौशी आधी येऊन गेलेला असतो, हे मी दारातच ओळखतो.

क्रमही महत्त्वाचा. आधी पत्ता बदलायचा, मग डीएचसीपी बंद करायचं. उलट केलं तर लॅपटॉपला आकडा द्यायला कोणी उरत नाही आणि पान पुन्हा उघडायला हाताने आकडे भरत बसावं लागतं.

शेवटी वायर. खिडकीतल्या राउटरच्या लॅन पोर्टातून निघून जुन्याच्या लॅन पोर्टातच जाते. जुन्याला वेगळ्या रंगाचं एक पोर्ट असतं, वॅनचं, ते रिकामं ठेवायचं. मी त्यावर चिकटपट्टी लावतो, कारण रिकामं भोक दिसलं की घरातलं कोणीतरी त्यात वायर खोचतंच. वॅनमध्ये खोचलं तरी इंटरनेट चालतं, पण घरात घर तयार होतं. बेडरूममधल्या फोनला हॉलमधला प्रिंटर दिसत नाही, टीव्हीवर फोटो जात नाहीत.

हे सगळं मी एकदा हात न लावता, नुसतं फोनवर करून घेतलं होतं. कोरोनामुळे ६ एप्रिल २०२० ला सरकारने महबूला आणि जलीब अल-शुयूख हे दोन भाग बंदिस्त केले. आपल्या लोकांचं अब्बासिया जलीबमध्येच येतं. आत-बाहेर जायला मनाई, आणि ती जुलैपर्यंत चालली. मधे १० मेपासून महिनाअखेरीपर्यंत सगळ्या देशातच पूर्ण संचारबंदी होती. महबूल्यात माझ्या एका मित्राचं बिऱ्हाड. वहिनी शाळेत गणित शिकवतात. शाळा ऑनलाइन झाली. हॉलमध्ये मित्राचं ऑफिस, मुलगी डायनिंग टेबलवर, तेव्हा वहिनींना वर्ग घ्यायला उरली मागची बेडरूम. तिथे वायफाय नावालाच. पॅसेजमध्ये जमिनीवर बसून, भिंतीला पाठ लावून त्या दशांश अपूर्णांक शिकवत होत्या.

मित्र म्हणाला, कपाटावर जुना राउटर आहे, सांग काय करायचं. मी म्हटलं, फोन वहिनींकडे दे. त्याला ‘पुढे, पुढे’ बटण दाबायची घाई असते, हे मला कॉलेजपासून माहीत आहे. पहिली सूचना दिली: वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावरून बोला, नाहीतर मधेच आपलं बोलणं तुटेल. वहिनींनी वही घेतली. प्रत्येक पायरी लिहून, वाचून दाखवून मगच बटण दाबत होत्या. पत्ता बदलल्यावर पान गायब झालं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “भावजी, पत्ता बदलला म्हणजे आता जुन्या पत्त्यावर कोणी सापडणार नाही, बरोबर?” कंपनीत नवीन आलेल्या पोरांना हे कळायला आठवडा जातो. लॅपटॉपची वायर काढून परत लावायला सांगितलं, नवीन आकडा आला, पान उघडलं.

वायरच नव्हती. खोक्यात हातभर लांबीची एक होती. दुकानं बंद, बाहेर पडायची सोय नाही. खालच्या मजल्यावरच्या एका मल्याळी कुटुंबाकडे तयार लांब केबल होती, ती जिन्यात पायरीवर ठेवून गेली आणि अर्ध्या तासाने उचलली गेली, तेव्हाची पद्धत ती. पॅसेजच्या कडेने, स्कर्टिंगला चिकटपट्टी मारत नेली. दाराच्या फटीतून आत. दुसऱ्या दिवशी वहिनी टेबल-खुर्चीवर बसून शिकवत होत्या. ती चिकटपट्टी नंतर बराच काळ तशीच होती.

आता त्या चिकटपट्टीचं. प्रत्येक घरात मी विचारतो, भिंतीला भोक पाडू का? आणि प्रत्येक घरात उत्तर येतं, नको, घर भाड्याचं आहे, घरमालक अनामत कापेल. ते खरंच. पण त्यामागे अजून एक वाक्य असतं: ‘कशाला, पुढच्या वर्षी तर जायचंच आहे.’ हे सांगणाऱ्या काकांचा मोठा मुलगा इथेच जन्मला, इथेच बारावी झाला आणि आता कॅनडात नोकरी करतो. इथे परदेशी माणसाचं राहणं नोकरीच्या कागदाला बांधलेलं, कागद संपला की मुक्काम संपला. म्हणून कोणी भिंतीत काही रुजवत नाही. फोटोदेखील खिळ्याऐवजी चिकटणाऱ्या हुकांवर टांगतात. खोकी कपाटावर, वायर चिकटपट्टीवर. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. पण पंधरा वर्षं अडखळत चाललेलं इंटरनेट पाहिलं की मी थोडा हट्टाला पेटतो, हेही खरं.

भोक न पाडता वायर नेण्याच्या वाटा असतात, त्या शोधण्यातच माझा शुक्रवार जातो. सगळ्यात चांगली वाट म्हणजे जुना टेलिफोनचा पाइप. हॉलमध्ये एक टेलिफोनचा सॉकेट असतो, बेडरूममध्ये एक, आणि बऱ्याच इमारतींत भिंतीतून त्यांना जोडणारी नळी असते. जुन्या, मेलेल्या तारेच्या टोकाला नवी केबल नीट बांधायची, वर टेप, थोडं भांडी घासायचं लिक्विड, आणि पलीकडून सावकाश ओढायचं. झटका दिला की गाठ सुटते आणि वाट कायमची जाते. डिशची केबल वापरात नसेल तर तिचंही तेच करता येतं. विजेच्या नळीतून मात्र कधीच नाही, कितीही जागा दिसली तरी. दुसरी वाट न्हाणीघराच्या फॉल्स सीलिंगमधून. एसी दुरुस्तीसाठी तिथे झाकण असतं, ते उघडून डक्टच्या कडेने केबल पलीकडे सरकवायची.

झाकण उघडायचं म्हणजे हारिसला विचारायला हवं. हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार, पण तो वॉचमन, प्लंबर, भाडेवसुली आणि बातमीपत्र सगळंच असतो. इजिप्तचा असला तर मला ‘बाशमुहंदिस’, म्हणजे इंजिनियरसाहेब, म्हणतो. हातात पाना असलेल्या कोणालाही तो मान मिळतो, त्यामुळे हुरळायचं कारण नाही. त्याला आधी चहा, मग प्रश्न. त्याच्या खोलीतलं वायफाय कसं चाललंय तेही विचारायचं. शुक्रवारच्या दुपारच्या नमाजाच्या वेळी ठोकाठोक करायची नाही. हे पाळलं तर कुठली नळी कुठे निघते ते तो स्वतः येऊन दाखवतो. ही माहिती कुठल्या नकाशात नसते.

केबल घेताना हवल्लीत इब्न खल्दून रस्त्यावरच्या संगणकाच्या दुकानांत जातो. स्वस्त केबल बऱ्याचदा ॲल्युमिनियमची असते, वर तांब्याचा मुलामा. ब्लेडने तार खरवडली की आत पांढरी दिसते. ती ओढताना तुटते, आणि टोकाला बसवलेला प्लगही फार दिवस पकड धरत नाही. खऱ्या तांब्याची कॅट-६ घ्यावी. घरापुरत्या लांबीला फरक काही फिल्सचा नाही तर एखाद्या दिनारचा पडतो, तेवढा पडू द्यावा. प्लगमध्ये आठही तारा बसल्या पाहिजेत. चारच लागल्या तरी चालतं, पण मग वेग १०० एमबीपीएसवर अडकतो आणि कोणाला कारण कळत नाही.

जुन्या राउटरचं पोर्टच १०० चं असलं तर आठ तारांनीही ते वाढत नाही. इथे वाद ठरलेला. हॉलमध्ये फोनवर ४०० दिसतात, बेडरूममध्ये नव्वद, म्हणजे काहीतरी बिघडलंय. मी सांगतो, ४के चित्राला पंचविसाच्या आसपास पुरतात, शाळेच्या वर्गाला त्याहून कितीतरी कमी. पण आकडा मोजायचं ॲप फुकट असल्याने हे कोणाला पटत नाही. ज्यांना नाहीच पटत त्यांनी नवा राउटर घ्यावा.

दोन्ही डब्यांना वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवतो, चॅनल मात्र वेगळे: २.४ गिगाहर्ट्‌झवर एकाला १, दुसऱ्याला ६ किंवा ११. एवढं करूनही कोणाचा तरी फोन बेडरूममध्ये बसून हॉलच्याच राउटरला चिकटून राहतो. कधी सोडायचं ते फोन ठरवतो, राउटर नाही. तेव्हा हॉलच्या वायफायची ताकद थोडी कमी करतो. ‘रेंज वाढवायला बोलावलं आणि तू कमी करतोस?’ हे ऐकून घ्यायचं आणि करायचं.

एका फ्लॅटमध्ये दोन कुटुंबं राहतात तिथे मात्र हा उपाय जपून. भाडं निम्मं, इंटरनेट निम्मं, राउटर एकाच्या नावावर. दुसऱ्या कुटुंबाच्या खोलीत ॲक्सेस पॉइंट लावला की दोन्ही घरांची उपकरणं एकाच जाळ्यात येतात, आणि एकाच्या टीव्हीवर दुसऱ्याच्या पोराचं कार्टून लागतं. जुन्या राउटरवरचं गेस्ट नेटवर्कही अशा मांडणीत नावापुरतंच राहतं, आडोसा देत नाही. तिथे मी मुद्दाम जुना राउटर राउटरच ठेवतो, वायर वॅनमध्ये लावतो. मघाशी ज्याला दोष म्हटलं तोच इथे उपयोगी पडतो: पहिल्या कुटुंबाला दुसऱ्याचं काही दिसत नाही. उलट बाजूने पूर्ण पडदा पडत नाही, म्हणून राउटर ज्याच्या नावावर आहे त्याला बाहेरच्या जाळ्यात ठेवायचं की नाही ते दोघांसमोर बोलून ठरवतो. हे बोलणं कधीकधी वायर ओढण्यापेक्षा जास्त वेळ घेतं.

हल्ली मंगफ-महबूल्याकडच्या काही नव्या इमारतींत प्रत्येक खोलीत कॅट-६ चा पॉइंट भिंतीतच दिलेला असतो. पाहून बरं वाटलं. सगळ्या केबल नीट एका ठिकाणी आणून सोडल्यात, मुख्य दाराच्या मागे, भिंतीतल्या एका पत्र्याच्या डबीत. खिडकीपासून घरातली सगळ्यात लांबची जागा ती, आणि डबीत विजेचा प्लग दिलेला नाही. मागच्या शुक्रवारी अशाच एका घरी गेलो होतो. हॉलचा पॉइंट खिडकीजवळ होता, म्हणून खिडकीतला राउटर त्यात लावला. डबीत आता एक छोटा स्विच बसवायचाय, आणि त्याला वीज द्यायला चपलांच्या कपाटामागून एक्स्टेंशन. यजमानांनी विचारलं, ही वायर दिसणार नाही ना?